अवतरणवहीसाठी ओळी कशा निवडायच्या, आणि खाली टिपणात नेमके काय लिहायचे?

रामदासपेठ_वाचक

नमस्कार. नागपूरला बीए मराठीच्या शेवटच्या वर्षाला आहे. अंतर्गत मूल्यमापनासाठी अवतरणवही तयार करून राहिली आहे. नेमलेल्या कृतींतून १२ अवतरणे घ्यायची आणि प्रत्येकाखाली साधारण १५० शब्दांचे टिपण लिहायचे. कृती अशा: तुकोबांचे निवडक अभंग, केशवसुतांच्या कविता, बहिणाबाईंच्या कविता आणि महेश एलकुंचवारांचे नाटक ‘वाडा चिरेबंदी’.

सूचना दोनच आहेत: अवतरणे अर्थपूर्ण असावीत, आणि टिपणात कथानक किंवा सरळ अर्थ सांगू नये. शाळेत संदर्भासहित स्पष्टीकरण लिहीत होतो, पण तिथे ओळ प्रश्नपत्रिकेतच छापून यायची. म्हणून विचारते:

१) ‘अर्थपूर्ण’ ओळ ओळखायची कशी? चांगल्या तर सगळ्याच वाटतात.
२) अवतरण किती लांब असावे?
३) सरळ अर्थ सांगायचा नाही, तर १५० शब्द भरायचे कशाने?
४) अभंगातले जुने अनुस्वार आणि बहिणाबाईंची बोली जशीच्या तशी उतरवायची की आजच्या शुद्धलेखनात?

महाल_मास्तर

ताई, संदर्भासहित स्पष्टीकरणात ओळ परीक्षकाची असते आणि तुम्ही कृती वाचली आहे की नाही एवढेच तो पाहतो. इथे ओळ तुमची. तुमचे वाचन किती खोल गेले ते निवडीवरूनच कळते. म्हणून हाताशी असलेल्या वेळातला निम्मा वेळ निवडीलाच द्या.

पहिले वाचन पेन्सिल हातात न घेता करा. दुसऱ्या वाचनात समासात बारीक उभी रेघ मारत जा आणि रेघेशेजारी दोन-तीन शब्दांत कारण लिहा: ‘हा शब्द इथे का?’, ‘आधी उलट म्हणाला होता’, ‘हेच पुन्हा आले’. कारण लिहिता आले नाही तर रेघ खोडा. बारा अवतरणे हवी असतील तर पस्तीस-चाळीस खुणा व्हायला हव्यात. बाराच खुणा करून बाराच घेतल्या की त्यातल्या पाच-सहा भरतीच्या निघतात, आणि टिपण लिहायला बसल्यावरच ते लक्षात येते.

मग चाळणी लावा. ओळ आपल्या साध्या भाषेत लिहून बघा. काहीच हरवले नाही तर ती ओळ माहिती देते, भाष्याला जागा देत नाही. ‘वाडा चिरेबंदी’त घरातले वडील तात्याजी वारले आहेत आणि तेराव्यासाठी घर गोळा झाले आहे, हे सांगणारी वाक्ये कथानकाला फार महत्त्वाची. पण ती दुसऱ्या शब्दांत सांगितली तरी चालते, म्हणून अवतरणवहीला ती उपयोगाची नाहीत.

दुसरी कसोटी सुविचाराची. शाळेच्या फळ्यावर ‘आजचा सुविचार’ म्हणून खपेल अशी ओळ दिसली की थांबा. केशवसुतांची १८९३ची ‘तुतारी’ घ्या. वर्गातले बहुतेक जण ‘जुने जाऊं द्या मरणालागुनि’ हीच ओळ घेतील आणि क्रांती, परिवर्तन, अन्यायाविरुद्ध लढा असे लिहितील. ओळ वाईट नाही, पण तिचा इतका वापर झाला आहे की तिच्यापाशी नवे काही दिसणे कठीण. त्याच कवितेची सुरुवात बघा:

एक तुतारी द्या मज आणुनि
फुंकिन मी जी स्वप्राणानें
भेदुनि टाकिन सगळीं गगनें
दीर्घ जिच्या त्या किंकाळीनें

इथे टिपणासाठी किती काही आहे. तुतारी कवीकडे नाही, तो ती मागतो आहे. ‘द्या’ हे कोणाला उद्देशून? फुंकणार श्वासाने नाही, ‘स्वप्राणानें’. आणि तुतारीचा निनाद किंवा नाद न म्हणता ‘किंकाळी’ म्हटले आहे. किंकाळी माणूस भीतीने, वेदनेने फोडतो. विजयाच्या वाद्यातून वेदनेचा आवाज निघतो आहे, म्हणजे ही नुसती रणगर्जना नाही. हे दिसले की पुढची प्रसिद्ध ओळसुद्धा वेगळी ऐकू येते. अशा दोन-तीन शब्दांवर बोट ठेवता येणे, मी तरी ‘अर्थपूर्ण’चा अर्थ एवढाच धरतो.

तिसरी गोष्ट वाटणीची. बाराच्या बारा अवतरणे पहिल्या वीस पानांतली असली की तपासणाऱ्याला पुढचे वाचन झालेले नाही असे वाटते, आणि बऱ्याचदा ते खरे असते. चार कृतींना प्रत्येकी तीन. त्यांत सुरुवात, मध्य, शेवट. पण हा नियम आंधळेपणाने पाळू नका. नाटकातून चार आणि केशवसुतांतून दोन घेतली तरी चालेल, फक्त का ते तुम्हाला सांगता आले पाहिजे.

लांबी: कवितेच्या दोन ते चार ओळी, अभंगाचे एक-दोन चरण, गद्यात २५ ते ५० शब्द. टिपणात ज्याच्याबद्दल एक अक्षरही लिहिलेले नाही तो भाग अवतरणातून काढा.

गाथा_शोधक

मास्तरांनी लिहिले त्यात एक जोडतो: अवतरण तोडताना वाक्य पुरे होते आहे का ते बघा, आणि निदान आधीचे-नंतरचे दोन चरण वाचल्याशिवाय टिपणाला हात घालू नका. अभंगात हे न केल्याने अर्थ उलटापालटा होतो. ठळक उदाहरण:

नाहीं निर्मळ जीवन । काय करील साबण ॥

एवढीच ओळ घेऊन ‘आयुष्य निर्मळ नसेल तर साबणाने अंग धुऊन काय उपयोग’ असे टिपण लिहिले जाते, त्यावर नैतिकतेचा परिच्छेदही चढतो. पण पुढचा चरण ‘तैसें चित्त शुद्ध नाहीं । तेथें बोध करील काई’ असा आहे. ‘तैसें’ म्हटल्यावर पहिला चरण दृष्टान्त ठरतो, आणि दृष्टान्त रोजच्या व्यवहारातला हवा. ‘जीवन’ म्हणजे इथे पाणी. पाणीच गढूळ तर साबण काय करणार. तसे चित्तच शुद्ध नाही तर उपदेश काय करणार. साबण ही उपदेशाची जागा आहे, हे एकदा कळले की अभंगाचा रोख आपोआप उघडतो: दोष उपदेशात नाही, तो ज्यात मिसळायचा त्या चित्तात आहे. टिपणाचे निम्मे काम इथेच झाले.

जुना शब्द ओळखीचा वाटला की त्याच्यावरच जास्त संशय घ्यावा. अनोळखी शब्द आपण कोशात बघतोच, ओळखीचा बघत नाही. दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आणि मोल्सवर्थ हे दोन्ही कोश इंटरनेटवर शोधता येतात. संतसाहित्यासाठी दोन्ही उघडे ठेवून बसा.

आता तुमचा चौथा प्रश्न. मूळ छापील पानावर जसे आहे तसेच उतरवा. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले ते आपल्या लेखनातून. तुकोबांच्या छापील पाठातून आपण ते पुसायचे नाहीत. पुसल्याने नुकसानही होते. ‘आम्हां घरीं धन शब्दांचींच रत्नें’ या अभंगात पुढे ‘शब्दें वांटूं धन जनलोकां’ आहे. ‘शब्दें’वरचा अनुस्वार विभक्ती दाखवतो: शब्दाने, शब्दांच्या साहाय्याने. तो गेला की वाचणाऱ्याला ‘शब्दे’ हे कर्म की करण, असा अडखळा येतो. तुमचे टिपण मात्र आजच्या शुद्धलेखनात.

तुकोबांच्या अवतरणाखाली कोणती गाथा वापरली ते लिहाच. अभंगांचे क्रमांक प्रतीप्रतीत वेगळे आहेत. १९५० साली पु. मं. लाड यांच्या संपादनाखाली निघालेली शासकीय गाथा वापरली असेल तर तसे नाव, आवृत्तीचे वर्ष, अभंग क्रमांक. नुसते ‘तुकाराम गाथा, अभंग अमुक’ म्हटले तर दुसऱ्याला तो सापडणार नाही. पाठही बदलतो. याच अभंगात काही प्रतींत ‘शस्त्रें यत्न करूं’ छापलेले असते, काहींत ‘यत्नें करूं’. तुमचे टिपण नेमके त्या शब्दावर उभे असेल तर दोन्ही पाठ नोंदवा.

आणि हात जोडून सांगतो, व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा सुविचारांच्या पानांवर आलेली ओळ गाथेत पाहिल्याशिवाय घेऊ नका. शेवटी ‘तुका म्हणे’ असले म्हणून ओळ तुकोबांची होत नाही. त्यांच्या नावावर खपवलेल्या रचना भरपूर फिरतात. नागपुरात बर्डीवर मिळणाऱ्या गाइडांतून ओळी उचलण्यातही हीच अडचण: अनुस्वार गळालेले, चरण मागेपुढे झालेले, क्रमांक नाही.

नाट्यवाचक_धरमपेठ

नाटकाबद्दल थोडे. संवादाचे अवतरण घेताना चार गोष्टी अवतरणाच्या वरच लिहून टाका: कोण बोलतो, कोणाला, कोणासमोर, आणि कोणत्या अंकात. ‘कोणासमोर’ हे बहुतेक जण सोडतात. ‘वाडा चिरेबंदी’सारख्या नाटकात घरातला माणूस आईसमोर एक बोलतो आणि बायकोशी एकटा असताना दुसरेच. तिसरे कोण ऐकते आहे यावर वाक्याचा अर्थ ठरतो.

पात्राचे वाक्य हे नाटककाराचे मत नव्हे. ‘एलकुंचवार म्हणतात’ असे लिहून खाली भास्करचे वाक्य देऊ नका. भास्कर म्हणतो, आणि तो थोरला मुलगा म्हणून म्हणतो, वाड्यात राहिलेला म्हणून म्हणतो. मुंबईहून आलेल्या सुधीरच्या तोंडी तेच शब्द वेगळे वाजतील.

रंगसूचनाही अवतरण म्हणून घेता येते, हे बऱ्याच विद्यार्थ्यांना माहीत नसते. अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर रंगभूमीवर सतत उभा आहे. त्याबद्दल पात्रे काय बोलतात आणि काय बोलत नाहीत, या दोन्हींवर मिळून एक उत्तम टिपण होते. वाचताना आपण तो विसरतो. प्रेक्षकाला मात्र तो पूर्ण वेळ दिसतो. तीन अवतरणांतले एक तरी रंगसूचनेचे किंवा शांततेचे ठेवा.

आपल्याकडची बोली आहे म्हणून ‘विदर्भातील बोलीचा सुंदर वापर’ एवढे लिहून सोडू नका. नागपूरच्या वह्यांत हे वाक्य फार दिसते. कोणते पात्र कोणाशी बोलताना बोलीत येते आणि कुठे प्रमाण भाषेकडे सरकते, ते शोधा.

रामदासपेठ_वाचक

सर्वांचे आभार. एक टिपण लिहून पाहिले आहे, कृपया बघाल का?

मन वढाय वढाय
उभ्या पिकातलं ढोर
किती हाकला हाकला
फिरी येतं पिकांवर

टिपण: ‘बहिणाबाई चौधरी या खानदेशातील थोर कवयित्री होत. त्या निरक्षर असूनही त्यांच्या काव्यात जीवनाचे सखोल तत्त्वज्ञान आढळते. प्रस्तुत ओळींत त्यांनी मनाची चंचलता अतिशय सुंदर उपमेतून व्यक्त केली आहे. मन हे पिकात शिरणाऱ्या जनावरासारखे आहे, त्याला कितीही हाकलले तरी ते पुन्हा पुन्हा तिथेच येते, असे कवयित्रीला म्हणायचे आहे. ग्रामीण जीवनातील साधी प्रतिमा वापरून मोठा आशय मांडणे हे त्यांचे वैशिष्ट्य. या ओळी मनाला भिडतात.’

महाल_मास्तर

निवड चांगली आहे. आता टिपणातले एकेक वाक्य उचलून दुसऱ्या कवितेखाली ठेवून बघा. ‘थोर कवयित्री’, ‘सखोल तत्त्वज्ञान’, ‘साधी प्रतिमा, मोठा आशय’, ‘मनाला भिडतात’: ही चारही वाक्ये त्यांच्या कुठल्याही कवितेखाली बसतात. याच चार ओळींबद्दलचे वाक्य एकच आहे, आणि तो सरळ अर्थ आहे. चरित्र पूर्ण काढा. ‘सुंदर’, ‘अप्रतिम’, ‘हृदयस्पर्शी’ ही विशेषणे काढा. ओळ का भिडते ते दाखवले की विशेषणाची गरज राहत नाही.

कागदाच्या एका बाजूला ओळी लिहा आणि प्रत्येक शब्दाला विचारा: हा नसता तर? ‘उभ्या’ नसता तर? ‘वढाय’ एकदाच असता तर? अशा विचारण्यातून टिपण साधारण असे होईल:

‘वढाय म्हणजे ओढाळ, राखणदाराची नजर चुकवून शेतात घुसणारे जनावर. कवितेने हे ढोर पडीत रानात न ठेवता “उभ्या” पिकात ठेवले आहे. त्यामुळे मनाचे भटकणे नुसते चंचल राहत नाही, नुकसानीचे होते. हाती येऊ घातलेले पीक पणाला लागते. “वढाय वढाय” आणि “हाकला हाकला” या दोन द्विरुक्ती समोरासमोर आहेत. जनावराची ओढ आणि माणसाचे हाकणे सारख्याच चिकाटीने चालते, आणि “फिरी येतं” या एका क्रियापदात हाकणाऱ्याची हार होते. तरी ढोराला शिवी नाही, शिक्षा नाही. हिरव्याकडे जाणे हा त्याचा स्वभाव. प्रश्न उरतो तो हाकणाऱ्याचा: मन जर ढोर, तर त्याला हाकणारे कोण? कविता त्याचे नाव सांगत नाही. पुढच्याच कडव्यात मन वाऱ्याने पाण्यावर चाललेल्या लाटा होते आणि तिथे हाकणारा नाहीसाच होतो. आवरण्याची धडपड पहिल्या कडव्यातच संपते, नंतर फक्त पाहणे राहते.’

हे १५० शब्दांच्या आतच आहे. बघा, सरळ अर्थ कुठेही वेगळा सांगितलेला नाही, तरी तो वाचणाऱ्याला कळतो. शेवटची दोन वाक्ये ओळीबाहेर पडून पुढच्या कडव्याशी नाते जोडतात. प्रत्येक टिपणात असे एक तरी नाते हवे, नाहीतर बारा सुटी टिपणे होतात.

हे असेच्या असे उतरवू नका, पद्धत घ्या. तुमच्या शब्दांना कदाचित वेगळेच काही दिसेल.

गाथा_शोधक

बोलीबद्दल आठवण: ‘वढाय’चे ‘ओढाळ’ किंवा ‘फिरी येतं’चे ‘फिरून येते’ अवतरणात करायचे नाही, अर्थ टिपणात द्यायचा. आपल्या वऱ्हाडी कानाला जवळचे वाटते म्हणून वऱ्हाडी रूपही लिहायचे नाही. ही खानदेशातली लेवा बोली आहे. शिवाय या कविता बहिणाबाईंच्या तोंडून ऐकून घरच्यांनी लिहून घेतल्या आणि १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपाने आल्या. म्हणून छापील आवृत्त्यांत ‘पिकातलं/पीकातलं’ असे फरक दिसले तर एकच आवृत्ती धरा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा.

सदर_९

मास्तरांशी एका बाबतीत माझे जुळत नाही. ‘ओळी मनाला भिडतात’ हे काढायला सांगितले ते बरोबर, पण वाचणाऱ्याचे स्वतःचे मत पूर्ण हद्दपार करू नये. अवतरणवही आणि परीक्षेचे उत्तर यांत तेवढा फरक राहू द्या. ‘कविता ढोराला दोष देत नाही, पण चौथ्या ओळीतली हार मला कबूल नाही’ असे कोणी कारणासह लिहिले तर ते भाष्यच आहे. अट एवढीच की मत शब्दांच्या वाचनानंतर यावे आणि दोन वाक्यांपलीकडे जाऊ नये.

महाल_मास्तर

मान्य. माझा आक्षेप पुराव्याविना येणाऱ्या मताला आहे. क्रम शब्दांकडून मताकडे असला की झाले. बारापैकी दोन-तीन टिपणांत कृतीशी असहमती दिसली तर वही जिवंत वाटते. प्रत्येक टिपण कौतुकात संपले की वाचणारा पाचव्यापाशी कंटाळतो.

रामदासपेठ_वाचक

सर, काका, खूप स्पष्ट झाले. शेवटचे दोन प्रश्न. अवतरणातला मधला भाग गाळायचा असेल तर कसे दाखवायचे? आणि कवितेच्या ओळी टिपणाच्या परिच्छेदात घ्यायच्या असतील तर?

गाथा_शोधक

गद्यात गाळलेल्या जागी तीन टिंबे. त्यात कर्ता हरवत असेल तर तो चौकोनी कंसात भरा, म्हणजे तो शब्द तुमचा आहे हे कळते. ‘नाही’, ‘पण’, ‘जर’ असे अर्थ फिरवणारे शब्द कधीही गाळू नका. अभंगात आणि चार ओळींच्या कडव्यात मधला भाग गाळूच नये. छोटे अवतरण घ्यावे.

परिच्छेदात ओळी घेताना ओळ जिथे मोडते तिथे तिरपी रेघ: ‘मन वढाय वढाय / उभ्या पिकातलं ढोर’. अभंगात मूळचे दंड (। ॥) तसेच ठेवा, वेगळी तिरपी रेघ नको. दोनपेक्षा जास्त ओळी असतील तर परिच्छेदात कोंबू नका, स्वतंत्र, थोड्या आत सरकवून लिहा आणि मग अवतरणचिन्हांची गरज नाही. टिपणातले सुटे शब्द उचलताना मात्र प्रत्येक वेळी अवतरणचिन्ह द्या, नाहीतर ‘उभ्या’ हा तुमचा शब्द की कवितेचा ते कळत नाही.

संदर्भ प्रत्येक अवतरणाखाली उजवीकडे एका ओळीत: कृती, आवृत्तीचे वर्ष, पान, कवितेला कडवे, अभंगाला क्रमांक, नाटकाला अंक. हे उतरवतानाच लिहा. बारा टिपणे झाल्यावर पाने शोधत बसलात की एक पूर्ण दुपार जाते, आणि ग्रंथालयात तोवर तीच आवृत्ती शिल्लक असेल याची खात्री नाही.